एक हात कमी

कारा-अरीक या किर्गीज गावातल्या प्रार्थनाघरात कुणी गुडघे टेकून रडायला लागलं, की युस्तिना रायमेर चष्मा काढून पुसायला घ्यायची. लोकांना वाटायचं, तिचेही डोळे भरून आले. तसं काही नव्हतं. रडणारा माणूस स्पष्ट दिसू नये, एवढाच तिचा हेतू असायचा.

अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने शंभरावर पश्चात्ताप पाहिले होते. त्यांच्या मंडळीत ही गोष्ट मनातल्या मनात उरकता येत नसे. उपासनेच्या शेवटी मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, विचारायचे, कुणाला देवाशी समेट करायचा आहे का? मग ज्याला करायचा असेल त्याने बाकांमधून चालत पुढे यायचं, सतरंजीवर गुडघे टेकायचे आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत बोलायचं. छापील प्रार्थना पुटपुटायची सोय नव्हती. आणि तरी प्रत्येक जण तेच बोलायचा: प्रभू, मी महापापी आहे.

महापापी. युस्तिनाला या शब्दाची शिसारी होती. साधं पाप सांगायची लाज वाटते म्हणून माणूस महापापी होतो, असं तिचं मत होतं. ट्रॅक्टरवाला झाखार तीन वेळा महापापी झाला, तिन्ही वेळा फेब्रुवारीत, बायको माहेरी निघून गेल्यावर. पेरणीच्या आधी ती परत आली की त्याचा देवाशी संबंध संपायचा. दूधवाल्या रायसाने तर असा हंबरडा फोडला होता की खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्या दिवशी युस्तिना मुद्दाम तिच्याकडून दूध घेऊन आली, पेल्यात ओतलं आणि उजेडात धरलं. निळसर. पाणी कालच्याइतकंच.

पूर्वी इतकं वाईट नव्हतं. पूर्वी मंडळीत दोनशे माणसं होती, बहुतेक जर्मन, आणि तेव्हा कुणी उगाच पुढे येत नसे, कारण देव न मानणाऱ्यांचं राज्य होतं आणि पुढे येणाऱ्याची नोकरी जायची. मग देश बदलला, सीमा उघडल्या, आणि जर्मन कुटुंबं एकेक करून जर्मनीला निघून गेली. युस्तिनाच्या दोन्ही मुली गेल्या. तिकडून त्या फोनवर बोलवायच्या. "तिथं लोक गादीच्या खुर्चीत बसून पश्चात्ताप करतात म्हणे. मला नाही जमायचं," असं ती सांगायची. मागे राहिली एकतीस माणसं आणि वडील फिलिप एन्स. हा एन्स पन्नाशीचा, मनाने चांगला आणि रिकामे बाक पाहून कासावीस होणारा. चहाचा समोवार रडला असता, तर एन्सने त्यालाही कालव्यात बुडवून बाप्तिस्मा दिला असता.

अशा एन्सच्या हाती त्या वर्षी ईस्टरला मास्तर लागले.

लुक्यान सिदोरोविच. वय बहात्तर. शाळेत इतिहास शिकवायचे, नंतर उपमुख्याध्यापक झाले. सगळं गाव अजून त्यांना मास्तरच म्हणायचं. बायको वारल्यावर ते हिवाळ्यात प्रार्थनाघरात येऊन शेवटच्या बाकावर बसू लागले. "शेगडीसाठी येतोय," युस्तिनाने शेजारी बसणाऱ्या बुरुलसूनला सांगितलं. बुरुलसून किर्गीज, पन्नाशीची, टपालखात्यात नोकरीला, मंडळीत येऊन आठ वर्षं झालेली. युस्तिनाला ती एजे म्हणायची, म्हणजे ताई. आणि तिच्याशी थट्टा करायची हिंमत सगळ्या मंडळीत एकट्या बुरुलसूनमध्येच होती.

"एजे, शेगडी त्या बाजूला नाहीच. तिथं तर वारा येतो," बुरुलसून म्हणाली.

"मग झोपायला येत असेल."

ईस्टरला मास्तर उठले, बाकांमधून चालत पुढे आले, गुडघे टेकले आणि पंधरा मिनिटं रडले. खांदे गदगदत होते, नाक वाहत होतं, आणि मधूनमधून तो शब्द येत होता. महापापी. बायका हुंदके देऊ लागल्या. एन्सने त्यांना उठवून छातीशी धरलं आणि कुणीतरी कुंडीतला जिरेनियमचा तुरा तोडून त्यांच्या हातात दिला.

"एजे, चष्मा किती वेळ पुसणार? काच झिजेल," बुरुलसून कुजबुजली.

"झिजू दे. फार काही बघण्यासारखं उरलेलं नाही."

युस्तिना या मास्तरांचा एक तास चौतीस वर्षं विसरली नव्हती. एकोणसत्तर सालच्या मार्चमध्ये याच मास्तरांनी तिच्या याशाला, नऊ वर्षांच्या पोराला, शाळेच्या सभागृहात खुर्चीवर उभं केलं होतं. समोर तीनशे मुलं. देव नाही असं म्हण, मग उतर. याशा चाळीस मिनिटं उभा राहिला आणि शेवटी म्हणाला. नंतर तो मंडळीत रमलाच नाही. सोळाव्या वर्षी यायचा बंद झाला. आता तो त्रेचाळीसचा होता, तालुक्याच्या गावात टायर दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि सणावारी आईला पिठाचं पोतं आणून द्यायचा. पोतं ओट्यावर ठेवायचा, पाणी प्यायचा, जायचा. जर्मनीला न जाण्याचं खरं कारण गादीच्या खुर्च्या नव्हत्याच. खरं कारण याशा होता. मुली देवाच्या हाती सुखरूप होत्या. हा एक राहिला होता, आणि याला ज्याने तोडला तो आता जिरेनियमचा तुरा घेऊन पुढच्या बाकावर बसला होता.

त्यातून तिच्याजवळ एकच आधार होता. त्या प्रसंगानंतरच्या रविवारी याशाने मंडळीसमोर गुडघे टेकून पश्चात्ताप केला होता. बायकांच्या प्रार्थनासभेत युस्तिना ही साक्ष दरवर्षी द्यायची. नवव्या वर्षी ज्याने एवढ्या मोठ्या माणसांसमोर पाप कबूल केलं, त्याला प्रभू सोडणार नाही. बायका माना डोलवायच्या. बुरुलसूनला ती साक्ष पाठ झाली होती.

जुलैत बाप्तिस्मा ठरला. त्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी परीक्षेची बैठक भरली. ही त्यांच्याकडची जुनी रीत. ज्याला बाप्तिस्मा हवा त्याला मंडळीसमोर उभं करायचं, कुणीही काहीही विचारायचं आणि मग हात वर करून ठरवायचं. एक हात जरी कमी पडला तरी बाप्तिस्मा नाही. एक खोटा माणूस आत आला तर सगळे तुरुंगात जायचे, त्या काळातला हा नियम. तो काळ गेला, नियम राहिला.

त्या वर्षी उमेदवार एकच होता. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. एन्सने सोपे प्रश्न विचारले आणि मास्तरांनी शिकवल्यासारखी उत्तरं दिली. पश्चात्ताप म्हणजे दिशा बदलणं, नुसतं वाईट वाटणं नव्हे. पापाची कबुली म्हणजे लपवलेलं उजेडात आणणं. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्तासोबत पुरलं जाणं आणि त्याच्यासोबत नव्या जीवनासाठी उठणं. पाणी ही त्याची खूण. पाण्यात स्वतःची जादू नाही.

"फारच छान," एन्स म्हणाला. "आणखी कुणाला काही विचारायचंय?" आणि कुणाला विचारायचं नसेलच अशा घाईने त्याने हातातलं गीतांचं पुस्तक उघडलं.

युस्तिना उठली. बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली.

"बंधू लुक्यान, बाप्तिस्मा म्हणजे पुरणं, हे तुम्ही झकास सांगितलंत. जुन्या माणसाला पुरायचं. बरोबर ना?"

"बरोबर, भगिनी."

"मग पुरायचंय कुणाला, ते सांगा. आमच्या कबरस्तानात नाव न विचारता कुणाला पुरत नाहीत."

मागे कुणीतरी हसलं. मास्तरांनी कॉलर सैल केली.

"पापी माणसाला, भगिनी."

"पापी इथं सगळेच बसलेत. तुमचं काय ते बोला."

"भगिनी युस्तिना," एन्स मध्ये पडला, "देवाने क्षमा केली, ते आपण उकरू नये."

"अजून पुरलंच नाही फिलिप, तर मी उकरू काय?"

मास्तर खाली पाहून म्हणाले, "शाळेत... श्रद्धावंतांच्या मुलांशी मी कठोर वागलो. त्या काळी वरून हुकूम यायचे."

"हुकमांना बाप्तिस्मा देता येत नाही. त्यांना अंग नसतं. तुम्ही काय केलंत?"

"मुलांना उभं करायचो. सगळ्यांसमोर."

"कशावर?"

"खुर्चीवर."

"कुणाला?"

बाहेर कुणाची तरी गाय गोठ्याकडे परतताना हंबरत होती.

"नावं आठवत नाहीत," मास्तर म्हणाले.

"रायमेर याकोब. चाळीस मिनिटं उभा होता माझा मुलगा त्या खुर्चीवर."

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. या खेपेला डोळ्यांत पाणी नव्हतं. खरोखर आठवायचा प्रयत्न करणाऱ्या म्हाताऱ्याचा तो चेहरा होता, आणि तेच युस्तिनाला सगळ्यात जास्त झोंबलं.

"नाही आठवत, भगिनी. बरीच मुलं होती."

चौतीस वर्षं तिने समजून ठेवलं होतं, की निदान या माणसाच्या मनात ते रुतलेलं असेल. ती रोज उठून त्याच्यावर दात खात होती आणि त्याला पत्ताच नव्हता. आणि पंधरा मिनिटं रडला तो कशासाठी? सगळ्याच पोरांसाठी एकदम, ठोक भावात?

हात वर झाले. एन्सने मोजले. तीस. युस्तिनाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"भगिनी," एन्स जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाला, "काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल?"

"माझ्या समाधानाचं काय घेऊन बसलास? ज्याचं आहे त्याला जाऊन सांगावं. तालुक्याला राहतो तो. चंद्रावर नाही."

"उद्या जातो," मास्तर लगेच म्हणाले.

"आणि गेले होते की नुसते बाजार फिरून आले, हे कोण सांगणार?" बुरुलसूनने विचारलं. तिला त्यात मजा वाटत होती.

"मी जाते ना बरोबर," युस्तिना म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दोघं मिनीबसमध्ये शेजारी शेजारी बसले, कारण दुसरी जागा नव्हती. मास्तरांच्या मांडीवर जर्दाळूंची पिशवी होती. बसथांब्यावर त्यांनी मटण-कांदा भरलेले दोन गरम सामसे घेतले होते, त्यातला एक तिच्यापुढे केला.

"मी खाऊन निघाले," ती म्हणाली. खाल्लेलं नव्हतं.

अर्ध्या वाटेत त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि ओठ हलवत वाचू लागले. युस्तिनाने तिरक्या नजरेने पाहिलं. बारीक, सरळ अक्षर, ओळींना आकडे घातलेले.

"काय आहे ते?"

"काही सुटू नये म्हणून मुद्दे काढलेत."

"पश्चात्तापाची टिपणं."

"सवय आहे, भगिनी. चाळीस वर्षं टिपणं काढूनच वर्गात गेलो."

"मग त्याला धडा देऊन या, आणि गृहपाठही द्या."

मास्तरांनी कागद पुन्हा घडी केला आणि खिशात ठेवला. नंतर तो त्यांनी काढला नाही. उरलेला रस्ता ते खिडकीबाहेरची बिटाची शेतं पाहत राहिले आणि युस्तिनाला सामशाचा वास येत राहिला.

याशाचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेला एक लोखंडी डबा, पुढे ताडपत्रीची सावली. तो स्टुलावर बसला होता आणि समोरच्या पाण्याच्या टबात फुगवलेली ट्यूब थोडी थोडी फिरवत बुडवत होता. बुडबुडे कुठून येतात ते पाहत होता. आईला पाहून त्याने ट्यूब दाबून धरलेलीच ठेवली.

"आई? कोण गेलं?"

"कुणी नाही. यांना ओळखतोस?"

"मास्तर. नमस्कार. सायकल पंक्चर झाली का?"

मास्तरांनी जर्दाळूंची पिशवी खाली ठेवली. टोपी काढली. उन्हात टक्कल चमकलं.

"याकोब," ते म्हणाले, "एकोणसत्तर साली मी तुला सभागृहात खुर्चीवर उभं केलं. देव नाही असं म्हण, तरच उतरवीन म्हणालो. तू चाळीस मिनिटं उभा होतास. कालपर्यंत मला तुझं नावही आठवत नव्हतं. घरी जाऊन वर्गाचे जुने फोटो शोधले, तेव्हा चेहरा आठवला. पहिल्या रांगेत, कान मोठे. मी सगळ्यांना सांगत आलो, की वरून हुकूम होता. हुकूम होता फक्त नावं कळवायचा. खुर्ची माझी कल्पना. मुलं हसायची, मला आवडायचं. तुझ्याशी मी वाईट वागलो. क्षमा माग म्हणून मला कुणी सांगितलं असेल, तरी मागतोय मीच."

युस्तिना एक चूक शोधत उभी होती. एखादा फुगवलेला शब्द, एखादी पळवाट. सापडली नाही, आणि त्याचा तिला रागच आला. इतकी वर्षं हा माणूस सरळ बोलू शकत होता तर.

याशाने बुडबुड्यांच्या जागी खडूने फुली मारली.

"चाळीस मिनिटं नव्हती, मास्तर," तो म्हणाला. "दोन असतील."

"तुझ्या आईने..."

"दोन मिनिटं. तुम्ही म्हणालात म्हण, मी म्हटलं. देव नाही. सगळे हसले, मी पण हसलो. मधल्या सुट्टीत आम्ही फुटबॉल खेळलो, मी गोल मारला. तुमचा मला कधी राग आला नाही. तुम्ही मास्तर होता, मास्तर तसेच असतात."

"तूच मला सांगितलंस, चाळीस मिनिटं," युस्तिना म्हणाली.

"तू विचारत होतीस ना. तोंडाने विचारत होतीस, हाताने मारत होतीस. दोन मिनिटांत म्हटलं असं सांगितलं असतं, तर मी वाचलो असतो का? मी आधी दहा म्हणालो. तू म्हणालीस फक्त दहा? मग वीस. मग चाळीस. चाळिसाला थांबलीस."

याशाने ट्यूब टबाबाहेर काढून फडक्याने पुसली. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता; गिऱ्हाइकाला टायर का टिकणार नाही हे समजावून सांगावं तसा तो सांगत होता.

"आता हे आलेच आहेत एवढ्या लांब, तर सांगतो. मास्तरांनी दोन शब्द म्हणायला लावले आणि सोडून दिलं. रविवारी तू मला दिक कुटुंबाच्या घरात, चोरून भरणाऱ्या उपासनेला नेलंस. पडदे लावलेले, ऐंशी माणसं. गुडघ्यांवर बसवलंस आणि मानेवर हात ठेवलास. पाव तास. मला काही सुचेना, तर तू कानात सांगत होतीस आणि मी मोठ्याने म्हणत होतो. 'मी माझ्या प्रभूला विकलं' असं म्हण. मी म्हटलं. मला वाटलं, खरंच काहीतरी विकलंय मी, आणि आता हे लोक विचारतील की पैसे कुठे ठेवलेस. आठवडाभर मी पैसे शोधत होतो, आई. गाद्यांखाली वगैरे."

मास्तर जर्दाळूंकडे पाहत राहिले.

"तुझ्या आत्म्यासाठी केलं मी," युस्तिना म्हणाली.

"माहीत आहे. मास्तरही माझ्या भल्यासाठीच करत होते. त्यांनी तसं सांगितलं होतं त्या वेळी."

एक ट्रक धूळ उडवत गेला. युस्तिनाने डोक्याचा रुमाल सारखा केला. तिच्या जिभेवर शब्द आला होता, तयार, गुळगुळीत, शंभर जणांनी वापरलेला. मी महापापी आहे रे, याशा. तो म्हटला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. याशाने असू दे म्हटलं असतं, मास्तरांनी नाक पुसलं असतं, आणि दुपारच्या बसने दोघं परत आले असते. तो शब्द स्वतःच्या तोंडात सापडल्यावर तिला दूधवाल्या रायसाची आठवण झाली. तिने तो गिळून टाकला. त्याच्या जागी दुसरं काही येईपर्यंत वेळ लागला, आणि आलं ते अडखळत आलं.

"मान मी धरली होती," ती म्हणाली. "शब्द माझेच होते. तू तोंडातल्या तोंडात बोलत होतास म्हणून मी नख रुतवलं, मोठ्याने बोलावंस म्हणून. तुझ्या बापाला दूर कामाच्या तुकडीवर धाडलेलं, मी एकटी, आणि शनिवारी दिकांची म्हातारी मला म्हणाली होती, रायमेरांच्या पोराने ख्रिस्ताला नाकारलं. मला त्या म्हातारीला दाखवायचं होतं. तू त्यात कुठे नव्हतासच."

याशा तिच्याकडे पाहू लागला.

"आणि त्यानंतर दरवर्षी मी ते बायकांना सांगते. माझ्या याशाने नवव्या वर्षी आपणहून पश्चात्ताप केला म्हणून. साक्ष देते."

"आपणहून?"

"हो."

"हे मला माहीत नव्हतं." त्याने पातळ रबराचा तुकडा कातरून घेतला, कड घासली, पुन्हा घासली. "दरवर्षी?"

"दरवर्षी."

"हं," याशा म्हणाला.

ती थांबली. आता तो काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. मंडळीत गुडघ्यांवरून उठणाऱ्यांचे चेहरे उजळलेले असायचे, ते ढोंग आहे असं ती नेहमी म्हणायची. पण मनात कुठेतरी तिने धरून ठेवलं होतं, की खरं बोललं तर काहीतरी उजळत असणार. काही उजळलं नाही. गुडघे दुखत होते आणि पोटात भूक होती. पोराने ट्यूबवर ठिगळ बसवलं, दाबयंत्रात धरलं आणि घड्याळ पाहिलं.

"उन्हात उभी राहू नकोस," तो म्हणाला. "आत स्टूल आहे."

ती आत जाऊन बसली. रविवारी बाप्तिस्म्याला ये, असं दर वर्षी ती त्याला सांगायची. त्या दिवशी सांगितलं नाही. याशाने तिघांसाठी चहा ओतला. मास्तरांनी उरलेला सामसा बाहेर काढला, गार झालेला, आणि काही न बोलता तिच्या बशीत ठेवला. तिने तो खाल्ला. चरबी थिजली होती आणि कांदा कच्चा होता.

परतीच्या बसमध्ये मास्तरांनी घसा साफ केला.

"भगिनी, मग रविवारी तुमचा हात..."

"आता गप्प बसा जरा," युस्तिना म्हणाली.

रविवारी सकाळी नऊला एन्सने मंडळी पुन्हा गोळा केली. कालव्याच्या पाणीवाल्याने त्यांच्यासाठी पाणी अडवणारं वरचं दार खाली सोडून ठेवलं होतं, म्हणजे पाणी कमरेइतकं आणि संथ राहील. अकराला तो ते उघडणार होता, खालच्या शेतांची पाळी होती. मास्तर पांढरा झगा घालून दाराशी उभे होते. झगा त्यांना आखूड होता आणि खाली शाळामास्तरी चपला दिसत होत्या. एकूण ध्यान बघण्यासारखं नव्हतं.

एन्सने विचारलं. हात वर झाले. त्याने मोजले आणि पुन्हा मोजले, कारण एकतीस भरले होते.

"देवाची स्तुती असो," तो गहिवरून म्हणाला. "त्याने आपल्या भगिनीचं हृदय मऊ केलं."

"हृदय आहे तसंच आहे," युस्तिना उठत म्हणाली. "यांनी केलं ते सांगितलं, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, आणि दुसऱ्यावर ढकललं नाही. म्हणून हात वर केला. मला ते अजूनही आवडत नाहीत. आता मला बोलायचंय."

"भगिनी, आज आनंदाचा दिवस आहे. आपण नंतर—"

"आत्ता. मी खोटी साक्ष याच घरात दिली आहे, इथेच दुरुस्त करीन. तुम्ही सगळ्या बायका माझ्या याशाची गोष्ट ऐकत आलात. तो आपणहून पुढे आला नव्हता. मी त्याला मान धरून आणलं होतं."

एवढ्यावरच पुढच्या बाकावरची एक जण हुंदका देऊन रडायला लागली. तिचं पाहून दुसरी. दूधवाल्या रायसाने पदरासारखा रुमाल तोंडावर ओढून घेतला. आपल्या भगिनीचा पश्चात्ताप चालू आहे हे एन्सच्या लक्षात आलं. त्याचे डोळे भरले आणि त्याने नेहमीसारखं गाणं सुरू केलं, सगळ्यांनी सूर धरला. बुरुलसून मात्र गात नव्हती. ती युस्तिनाकडे बघत होती, थट्टेचा मागमूस नव्हता.

दोन कडवी होईपर्यंत युस्तिना बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली.

"गाणं थांबव, फिलिप," ती म्हणाली.

सूर एकेक करून गळाले.

"आणि तुम्ही रडणं थांबवा. अजून मी काही सांगितलंच नाही. तो नऊ वर्षांचा होता. त्याने मला खरं सांगितलं नाही, कारण मी त्याला मारत होते. तिथून सुरू होतं ते."

मास्तरांनी दार लोटून घेतलं, उंबऱ्याजवळच्या बाकावर झगा सावरून बसले आणि ऐकू लागले. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. एन्सने एकदा तिकडे पाहिलं, एकदा कालव्याच्या दिशेने पाहिलं, आणि मग तोही बसला.